क्रेस्टफॉलन

ताठा उतरल्याने खट्टू झालेल्या व्यक्तीसाठी वापरले जाणारे इंग्रजी विशेषण. क्रेस्ट म्हणजे तुरा, फॉलन म्हणजे पडलेला. झुंजीत हरलेल्या कोंबड्याचा तुरा खाली येतो, या कल्पनेशी शब्दाचे मूळ सामान्यतः जोडतात. घोड्याच्या मानेवरचा उंचवटा खंगल्यावर एका अंगाला कलतो, तेही मूळ असू शकते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द लेखनात आढळतो. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात राजा रिचर्ड हा बोलिंगब्रोक या सरदाराला द्वंद्वाचे आव्हान मागे घ्यायला सांगतो. वडील समोर उभे असताना माघार घेणे त्याला सहन होत नाही. नकार देताना तो हाच शब्द वापरतो. शब्दाचा नेमका अर्थ येथे उत्तम कळतो: दुःखापेक्षा चारचौघांत मान खाली जाण्याची बोच मोठी.

आधी उमेद किंवा फुशारकी आणि मग अपेक्षाभंग, अशा प्रसंगी तो चपखल बसतो. विजयाची भाषणे ठोकून पडलेला उमेदवार क्रेस्टफॉलन असतो. शोकाकुल माणसाला मात्र हे विशेषण लावू नये. मराठीत ‘हिरमुसलेला’ जवळचा, पण त्यात मानभंगाची छटा कमी; तिथे ‘तोंड पडलेला’ अधिक नेमका.