खाडीच्या तोंडाशी थांबणारी बोट

मुंबईहून पणजीला जाणारी बोट कोकणातल्या बहुतेक बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव तिच्याकडे जायचे. माझे वडील जैतापूरला बोटीच्या एजंटाकडे कारकून होते. पासष्ट-सहासष्टच्या सुमारास, मी शाळकरी असताना, कंदील घेऊन त्यांच्याबरोबर बंदरावर जात असे. बोट यायची अपरात्री. आधी दूरवर दिवे दिसायचे, मग भोंगा व्हायचा, आणि वाळूत वळकटीवर पेंगणारी माणसं धडपडत उठायची. बोट आत का येत नाही, असं मी वडिलांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खाडीत पाणी नाही रे." या एका वाक्यात कोकणच्या बंदरांचा तीन-चारशे वर्षांचा इतिहास आहे.

नकाशा समोर ठेवला की कोकणातली एक जुनी रचना दिसते. प्रत्येक मोठ्या खाडीला दोन गावं. एक तोंडाशी, दुसरं आत, जिथवर भरतीचं पाणी पोचतं आणि जिथून घाटाची वाट सुरू होते तिथे. दाभोळ आणि चिपळूण, जयगड आणि संगमेश्वर, जैतापूर आणि राजापूर, विजयदुर्ग आणि खारेपाटण. तोंडाशी किल्ला, जकात, तांडेल आणि खलाशी. आत पेठ, वखारी, सावकार आणि बैलांचे तांडे. गलबत भरतीबरोबर आत जाई आणि ओहोटीबरोबर बाहेर येई. ही जोडी जुळलेली होती तोवर दोन्ही गावं नांदली.

आमच्या खाडीचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. राजापूर समुद्रापासून बरंच आत, अर्जुना नदीवर. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली. घाटावरून अणस्कुऱ्याच्या वाटेने माल उतरायचा आणि राजापुरात गलबतांवर चढायचा. मिरी हा त्यातला मोठा माल. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफा आणि गोळे घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि आपलं निशाण लावून गडावर मारा करू लागले. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूर घेतलं, वखार खणून काढली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला साथीदारांसह कैद केलं. त्यांची सुटका व्हायला १६६३ साल उजाडलं. एवढ्या घडामोडी ज्या धक्क्याभोवती घडल्या, तिथे १८८० साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरच्या काळात मोठी गलबतं पोचत नव्हती. सह्याद्रीवरून दर पावसाळ्यात उतरणाऱ्या मातीने खाडी भरत आली होती. आगबोट आली आणि तिने या बदलावर शिक्कामोर्तब केलं. तिला पाणी जास्त लागे, म्हणून ती तोंडाशीच थांबली. जैतापूरला बोटीचं ऑफिस झालं आणि राजापूरकराला बोट गाठायला होडीने खाडी उतरून यावं लागू लागलं.

या किनाऱ्यावर नियमित आगबोटी सुरू झाल्या एकोणिसाव्या शतकात. आधी शेफर्ड कंपनी, मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीच्या वाऱ्यात सहकारी तत्त्वावर एक कंपनी उभी राहिली. तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावं होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी ही ओळ माझ्या पिढीला पाढ्यासारखी पाठ होती.

यातलं दाभोळ सगळ्यात थोर. बहमनी राज्याच्या मुख्य बंदरांपैकी ते एक. अरबस्तानातून घोडे इथे उतरत आणि हज यात्रेकरू इथून निघत. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरला आणि परतीच्या वाटेवर दाभोळलाच जहाजात बसला. चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड म्हणून १५०८ सालच्या डिसेंबरअखेरीस आल्मेदाने दाभोळ जाळलं, माणसं कापली. गाव त्यातून पुन्हा उभं राहिलं. पाण्याशेजारची घुमट आणि मिनारांची देखणी मशीद सतराव्या शतकातली आहे. एवढ्या हिमतीने उभं राहिलेलं गाव बोटीच्या काळात चिपळूणकरांचं उतरण्याचं ठिकाण होऊन राहिलं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत छोटी लाँच जायची. दाभोळात उतरलेल्या माणसाचे डोळे तिच्याकडे लागलेले असायचे.

विजयदुर्गचं पाणी खोल. घेरियाचं बंदर म्हणून त्याचा लौकिक होता आणि आंग्र्यांचं आरमार त्याच जोरावर तिथे राहिलं. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी ते आरमार जाळलं. आरमार आपलं, किल्ला आपला, आणि इंग्रजांना बरोबर घेऊन तो पाडायला निघालेले पेशवेही आपलेच! मराठ्यांच्या समुद्रावरच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि तिला चूकच म्हटलं पाहिजे. मालवणची गोष्ट सिंधुदुर्गामुळे सगळ्यांना ठाऊक आहे.

वेंगुर्ल्याला मात्र आत शिरणारी मोठी खाडी नाही, समोर उघडा समुद्र आणि बाहेर खडकांची रांग. तरीही डचांनी तिथे वखार बांधली, कारण गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. पुढे इंग्रजी अमलात आंबोली घाटाचा गाडीरस्ता झाला आणि बेळगावकडचा कापूस वेंगुर्ल्याला उतरू लागला. १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याला रेल्वे पोचली आणि तो माल तिकडे वळला. समुद्र होता तिथेच होता. बंदर मोठं होतं ते पाठीमागच्या घाटामुळे, आणि घाटावरची वाट वळली की ते ओस पडतं. कोकणच्या बंदरांबद्दल मला जे कळलं ते एवढंच.

मे महिन्याच्या अखेरीस लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत आणि पावसाळा सरल्यावर सुरू होत. मधल्या काळात गिरणगावातला चाकरमानी आणि गावचं घर यांच्यात समुद्र आडवा पडे. गणपती लवकर आले तर रेल्वेने कोल्हापूर गाठायचं आणि घाट उतरायचा, नाहीतर मुंबईतच हात जोडायचे. बोटीत बहुतेकांचं तिकीट डेकचं. चढल्याबरोबर सतरंजी पसरून जागा धरायची. बोट लागलेल्यांसाठी लिंबू आणि आमसुलं पदराला बांधलेली असत. खरी परीक्षा उतरताना व्हायची. पडाव लाटेबरोबर वर येई त्या क्षणी खलाशी हात धरून माणसाला खाली घेत. म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना, गाई-वासरांनाही त्यांनी असंच उतरवलं. या खलाशांची नावं कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाहीत.

हा प्रवास नेहमी सुखाचा नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या भागातल्या मच्छीमारांनी मासळी समुद्रात टाकून होड्यांत माणसं घेतली, म्हणून काही जण वाचले. आमच्या घरी रामदासचं नाव निघालं की आजी दिव्याकडे बघून हात जोडायची.

स्वातंत्र्यानंतर चौगुल्यांच्या आणि मग मोगल लाइनच्या बोटी चालल्या. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. रस्ता सुधारला, एसटी दारात येऊ लागली, बोटीचे थांबे कमी झाले आणि १९८०च्या दशकात ही सेवा संपली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तीही या सगळ्या बंदरांपासून आतल्या बाजूने जाते. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही १०४ खोल्यांची छोटी पर्यटन बोट मुंबई-गोवा सुरू झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण तिचे प्रवासी मधल्या बंदरांत उतरत नव्हते. आंग्र्यांचं नाव घेऊन निघालेल्या बोटीने विजयदुर्गला माणसं उतरवावीत, ही माझी साधी अपेक्षा होती. ती बोटही फार काळ टिकली नाही. पुन्हा कोणी अशी बोट काढणार असेल तर तिने दाभोळला, जैतापूरला, वेंगुर्ल्याला थांबलं पाहिजे. प्रवाशांना तोंडापासून खाडीतून आत, राजापूरच्या जुन्या धक्क्यापर्यंत होडीने नेलं पाहिजे. त्याशिवाय या किनाऱ्याचा इतिहास कोणाला कळणार नाही.

बोटीच्या एजंटांच्या वह्या, मालाच्या पावत्या, डेकची तिकिटं, पडावांचे हिशेब अजून कोकणातल्या पोटमाळ्यांवर पडून आहेत. माझ्या वडिलांच्या दोन वह्या पावसाने गेल्या, एक उरली आहे. तुमच्या घरी असं काही असेल तर वाळवी लागण्याआधी ते जवळच्या वाचनालयात द्या. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, मालवण-वेंगुर्ल्यालाही जुनी वाचनालयं आहेत. आणि पडावावर काम केलेलं कोणी म्हातारं माणूस ओळखीचं असेल, तर या दिवाळीत त्याच्याजवळ बसा आणि तो सांगेल ते लिहून घ्या.