रेल्वे तिकीट, कर्मचाऱ्यावरील अविश्वास आणि पुराव्याचा प्रश्न : नागपूर मार्गावरील एका प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय रेल्वेचा इतिहास बहुधा लोहमार्ग, भांडवल आणि मालवाहतूक यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. प्रवाशाने दिलेले भाडे तिजोरीपर्यंत कसे पोहोचते व वाटेत कोठे गळते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. नागपूर शहराला या प्रश्नाशी दुहेरी नाते आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये येथे पोहोचली आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हे शहर पूर्व भारताशी जोडले. रेल्वेने जगणाऱ्या या शहराच्या मार्गावर १९८८ मध्ये एका तिकीट तपासनिसावर ठेवलेल्या आरोपाचा निवाडा २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला. तिकिटाचा विकास प्रवाशावरील संशयातून जितका झाला तितकाच कर्मचाऱ्यावरील अविश्वासातूनही झाला. आणि जेथे लेखी हिशेब अपुरा पडतो तेथे अपराधी निसटतो व निरपराध्यालाही आपली बाजू सिद्ध करता येत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

तिकिटाची उत्पत्ती

आरंभीच्या काळात इंग्लंडमधील रेल्वे कंपन्या घोडागाडीच्या प्रथेप्रमाणे हाताने लिहिलेली तिकिटे देत असत. किती प्रवाशांकडून किती पैसे घेतले, हे मुख्यतः लिहिणाऱ्या कारकुनाच्या सचोटीवर अवलंबून होते. न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरील मिल्टन या लहान स्थानकाचे स्थानकप्रमुख टॉमस एडमंडसन यांनी १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उपाय योजला. जाड पुठ्ठ्याची, आगाऊ छापलेली व अनुक्रमांक असलेली तिकिटे आणि त्यांवर तारीख उमटविणारे यंत्र, असे त्याचे स्वरूप होते. पुढे भारतासह अनेक देशांत हीच पद्धत रूढ झाली.

या पद्धतीचे मर्म अनुक्रमांकात आहे. पाळीच्या आरंभीचा आणि अखेरचा क्रमांक यांतील फरकास भाड्याने गुणले की कारकुनाने भरावयाची रक्कम निश्चित होते. तेथे त्याचा शब्द प्रमाण मानावा लागत नाही. तारखेच्या ठशामुळे जुने तिकीट पुन्हा विकणे कठीण झाले. उतरल्यावर दारावर तिकीट परत घेण्यामागेही तेच तिकीट पुन्हा वापरात येऊ नये, हा हेतू होता. विकणारा एक, तपासणारा दुसरा व हिशेब पाहणारा तिसरा, अशी ही परस्परांवर पहारा ठेवणारी रचना होती. एकाने अफरातफर करावयाची तर दुसऱ्यास सामील करून घेणे त्याला भाग पडे.

धावत्या गाडीतील उणीव

ही रचना तिकीट खिडकीवर जितकी परिणामकारक होती तितकी धावत्या गाडीत नव्हती. गाडीत तिकीट तपासनीसच भाडे ठरवितो, वसूल करतो आणि पावती देतो. तीन हातांचे काम एकाच हाती येते. पावतीपुस्तकाला क्रमांक असतात, कार्बन प्रतही निघते. परंतु जी पावती फाडलीच नाही तिचा क्रमांक कोणत्याही वहीत उमटत नाही. शिवाय अशा व्यवहारात प्रवाशाचाही लाभ असतो. पूर्ण भाडे व दंड भरण्यापेक्षा थोडी रक्कम हातावर ठेवणे त्याला स्वस्त पडते. फसविली जाते ती रेल्वे, आणि तिच्या वतीने गाडीत उपस्थित असतो तो तपासनीसच.

जागांची टंचाई हे याचे दुसरे कारण होय. महात्मा गांधींनी १९१७ मधील आपल्या प्रवासाचा एक प्रसंग आत्मकथेत नोंदविला आहे. लाहोर येथे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरणे अशक्य झाले असता एका हमालाने बारा आण्यांच्या बोलीवर त्यांना खिडकीतून आत लोटले. हा हमाल तपासनीस नव्हे, आणि हे भाडेही नव्हे. परंतु तिकीट हाती असूनही जागेसाठी वेगळे मोल द्यावे लागते, ही परिस्थिती तेथे स्पष्ट दिसते. पुढे आरक्षित डबे आले आणि रिकाम्या शायिकेचे वाटप तपासनिसाच्या हाती गेले. कोणती शायिका रिकामी आहे, हे केवळ त्याच्या हातातील कागदी तक्त्यावरून कळत असे. माहितीची ही मक्तेदारी हेच गैरव्यवहाराचे मूळ होते.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने या प्रश्नाची दखल घेतली. आचार्य जे. बी. कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ ते १९५५ या काळात रेल्वेतील भ्रष्टाचाराची चौकशी करणारी समिती कार्यरत होती. संथानम समितीच्या शिफारशीनुसार १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. रेल्वेच्या दक्षता पथकांकडून अचानक तपासणी करणे, बनावट प्रवासी पाठविणे, कर्मचाऱ्याजवळील रोकड मोजणे हे मार्ग अवलंबिले जाऊ लागले. वहीत जे उमटत नाही ते खिशात सापडेल, हा त्यामागील तर्क होता.

१९८८चे प्रकरण

३१ मे १९८८ रोजी दक्षता पथकाने दादर-नागपूर एक्स्प्रेसच्या द्वितीय श्रेणी शयनयानात तपासणी केली. तेथील तपासनिसावर ठेवलेले आरोप असे : शायिकेसाठी तीन प्रवाशांकडून मिळून ५० रुपयांची मागणी केली, जवळ १,२५४ रुपयांची जादा रोकड आढळली, भाड्यातील फरकाचे १८ रुपये वसूल केले नाहीत, आणि कर्तव्यपासाची मुदत खोटेपणाने वाढविली. १९८९ मध्ये दोषारोपपत्र देण्यात आले आणि ७ जून १९९६ रोजी त्याला सेवेतून बडतर्फ करण्यात आले.

केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने २००२ मध्ये ही शिक्षा रद्द केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१७ मध्ये न्यायाधिकरणाचा निर्णय फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी तो निर्णय पुनःस्थापित केला. तीन प्रवाशांपैकी एकाची साक्षच नोंदविली गेली नव्हती, त्यामुळे त्याची उलटतपासणी होऊ शकली नाही. उरलेल्या दोघांनी आरोपास दुजोरा दिला नव्हता. आरोप निर्णायकपणे सिद्ध झालेले नाहीत, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने वारसांना निवृत्तिवेतनासह सर्व लाभ तीन महिन्यांत देण्याचा आदेश दिला. वारसांना, कारण तपासनीस तोवर निवर्तला होता.

विवेचन

या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे. गाड्यांतून भाड्याची चोरी होतच नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. खिशातील रोकड मात्र अपराधाचा स्वयंसिद्ध पुरावा ठरत नाही, हे त्यातून दिसते. ज्या कर्मचाऱ्याला दिवसभर रोखीने वसुली करावयाची असते त्याचे स्वतःचे व रेल्वेचे पैसे एकाच अंगावर असतात. म्हणूनच कामावर रुजू होताना खाजगी रोकड नोंदविण्याच्या पद्धतीला महत्त्व आहे. ती नोंद रेल्वेच्या संरक्षणासाठी असते तशीच कर्मचाऱ्याच्याही. एडमंडसनच्या क्रमांकाचे हेच दुहेरी कार्य होते : तो क्रमांक लबाड कारकुनास पकडे आणि सचोटीच्या कारकुनास निर्दोष ठरवी.

विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, हे खरे. तथापि ज्याच्या शब्दावर नोकरी जाते तो साक्षीदार चौकशीसमोर यावा, ही किमान अपेक्षा होय. गाडीतील साक्षीदार प्रवासी असतो आणि स्थानक आले की तो पांगतो. म्हणून त्याचा जबाब व उलटतपासणी विनाविलंब होणे अगत्याचे आहे. १८ रुपयांच्या व ५० रुपयांच्या आरोपांचा निवाडा होण्यास ३७ वर्षे लागावीत, यात रेल्वेचाही लाभ झाला नाही आणि तिच्या सेवकाचाही नाही.

निष्कर्ष

संगणकीकृत आरक्षण, ऑनलाइन तिकीट आणि तपासनिसाच्या हातातील यंत्र यांमुळे रिकाम्या शायिकेची माहिती आता केवळ कागदी तक्त्यात राहत नाही. व्यवहाराची नोंद त्याच क्षणी होऊ लागली की गैरव्यवहाराची संधी घटते. मात्र हा बदल कर्मचाऱ्यांचे नीतिधैर्य वाढल्याने किंवा खालावल्याने घडलेला नाही. तो हिशेबाच्या रचनेतून घडला आहे. 'रेल्वेचे लोक असेच' हा सर्वसाधारण समज इतिहासाला मान्य करता येत नाही. ज्या जागी नोंद नसते त्या जागी लबाडी वाढते आणि तेथेच निष्पापावर आळ येतो. प्रशासनाने कर्मचाऱ्यावर पहारा अवश्य ठेवावा. परंतु त्याला निर्दोष ठरवू शकेल असा कागदही त्याच पहाऱ्यातून निर्माण व्हावा, हाच या प्रकरणाचा धडा होय.