बोर्डाची शाळा आणि एक मत

परवा नारायणगावात धाकटीच्या शाळेत पालकसभा होती. शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायची होती. दरवेळी हे काम अर्ध्या तासात उरकतं. एकजण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या, चहा, घरी. यावेळी मात्र आमच्या वर्गाच्या एका जागेसाठी दोन नावं आली. एक माझ्या चुलतभावाचं, दुसरं टोमॅटोच्या बाजारात क्रेट भरायला जाणाऱ्या एका बाईंचं. मुख्याध्यापक म्हणाले, "हात वर करून ठरवू." म्हणजे सगळ्यांदेखत!

नावं आदल्या दिवशीच कानावर आली होती, त्यामुळे रात्री झोप नव्हती. तेव्हा आजोबा आठवले. ते शेवटपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणायचे. हे बोर्ड म्हणजे काय, असा प्रश्न लहानपणी कधी पडला नव्हता.

गोष्ट अशी आहे. इंग्रजी अमदानीत, 1860 च्या दशकात, मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्यावर सारा रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे आपल्या जुन्नर तालुक्यातला कुणबीही शाळेसाठी पैसे भरत होता. त्याची पोरं शाळेत होती का, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात मांडला. पैसा रयतेचा आणि फायदा वरच्यांचा, असं त्यांचं म्हणणं होतं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, शेती, आरोग्य शिकवा, ही त्यांची मागणी होती. सत्यशोधक चळवळीने जुन्नर-ओतूर भागात मूळ धरलं ते उगीच नाही.

पुढे 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डं आली. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक बोर्डांकडे गेला, स्कूल बोर्डं झाली. 1947 साली नवा कायदा आला. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण यात एक गंमत आहे. स्कूल बोर्डावर कोण जाणार हे बोर्डाचे सभासद ठरवायचे, आणि त्या सभासदांना मत देण्याचा हक्कही बराच काळ सारा-कर भरणाऱ्या मोजक्यांनाच होता. ज्याचं पोर वर्गात बसलंय, त्याला केवळ त्या नात्याने मत नव्हतं.

ते आलं शिक्षण हक्क कायद्याने, 1 एप्रिल 2010 पासून. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. काम काय, तर शाळेवर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं.

आता भावाबद्दल. तो कामाचा माणूस आहे, खोटं कशाला बोलू? शाळेची भिंत त्यानेच रंगवून दिली. पंचायत समितीत ओळखी आहेत. आणि त्या बाई? मागच्या सभेत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "शाळेला पैसे आले किती आन् गेले कुठं, ते फळ्यावर का लिहित नाही?" कोणीतरी हसलं होतं. मीही थोडा हसलो असेन. रात्री लक्षात आलं, हा तर 1882 चाच प्रश्न! भिंत रंगवणारा देणगीदार म्हणून कुठूनही मदत करू शकतो. त्याला समितीत बसावं लागत नाही. हिशेब विचारणाऱ्याला मात्र तिथे बसावंच लागतं.

मी बाईंसाठी हात वर केला. भावाने पाहिलं. निवडून तोच आला, चांगल्या फरकाने. त्या दिवसापासून घरी चहाला आलेला नाही.

दादा, राग समजू शकतो. पण आता तू समितीत आहेस, तर तो प्रश्न तूच विचार. पुढच्या वेळी पहिला हात माझा असेल.