डिजिटल तंत्रज्ञान, विद्यापीठीय अध्यापन-अध्ययनातील (नाशिक)

विद्यापीठ पातळीवरील शिकवणे, शिकणे, परीक्षा घेणे आणि विद्यार्थ्याला घरबसल्या सेवा देणे यांसाठी संगणक, आंतरजाल, दृक्‌श्राव्य माध्यमे व मोबाइल यांचा होणारा वापर. महाराष्ट्रात या विषयाचा विचार नाशिकपासून सुरू करावा लागतो. वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्यासाठीच स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येथे आहे आणि आरोग्यशिक्षणाचे राज्यव्यापी विद्यापीठही येथेच आहे.

मुक्त विद्यापीठाची स्थापना 1 जुलै 1989 रोजी राज्य विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्याने झाली. ज्यांचे नाव त्याला दिले, ते यशवंतराव चव्हाण 1963 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. विद्यापीठाचे मुख्य आवार गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे असून त्याला ‘ज्ञानगंगोत्री’ म्हणतात. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. पहिले कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 मध्ये उभे राहिले त्यामागेही त्यांचा विचार होता. या महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यातील तरुणांना पहिल्यांदा संगणकासमोर बसवले. 2023 मध्ये ताकवले यांचे निधन झाले.

ताकवले यांच्या पिढीपुढे दोन नमुने होते. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाने 1971 पासून छापील पाठ आणि बीबीसीवरील कार्यक्रम यांची सांगड घातली होती. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 1984 मध्ये इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला आणि त्यासाठी कार्यक्रम करणारे एक केंद्र पुणे विद्यापीठात होते. पण हे कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीतून होत. पाहणाऱ्याला ना प्रश्न विचारता येई, ना आपण कुठवर आलो हे कळे. नाशिकने उपग्रहापेक्षा पुस्तकाला महत्त्व दिले, आणि तो निर्णय योग्य होता.

हे पुस्तक म्हणजे स्वयंअध्ययन साहित्य. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग छोट्या टप्प्यांत विषय, प्रत्येक टप्प्यानंतर स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे, अशी त्याची बांधणी असते. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून ते लिहावे लागते. विद्यार्थ्याला अभ्यासकेंद्रावर जो भेटतो त्याला येथे ‘संमंत्रक’ म्हणतात. तो व्याख्यान देण्यापेक्षा अडलेले सोडवून देतो. मुक्त विद्यापीठात 1 श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे 4 श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाचे 120 तास, आणि त्यांतील बहुतेक तास विद्यार्थी एकटाच असतो. डिजिटल साधनांचा खरा उपयोग व्हायचा तो या एकट्या तासांत.

तो झालाही, पण सगळीकडे सारखा नाही. प्रवेशअर्ज, कायम नोंदणी क्रमांक, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल ही कामे संगणकावर आल्याने नोकरी सांभाळून शिकणाऱ्याच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या. शिकवण्याचे मात्र असे झपाट्याने झाले नाही. पुस्तकाची पीडीएफ मिळते, तासाभराचे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान मिळते. पण फळ्यासमोरचे जसेच्या तसे चित्रित केलेले व्याख्यान म्हणजे डिजिटल अध्यापन नव्हे. त्याला काही शे एमबी डेटा लागतो. तोच मजकूर नीट लिहिलेल्या मराठी पानांत दोन-चार एमबीमध्ये बसतो, हवा तिथे थांबवता येतो आणि परत चाळता येतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या डोंगरी पाड्यांवर, जिथे रेंजसाठी टेकाड गाठावे लागते, तिथे हा फरक निर्णायक ठरतो.

राष्ट्रीय चौकट नंतर तयार झाली. 2017 मध्ये ‘स्वयम्’ हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यात चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन व चर्चा असे चार भाग आवश्यक मानले आहेत. यांतले दुसरे आणि तिसरे अंग नाशिकच्या पुस्तकांत आधीपासून होते. दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित नियम सप्टेंबर 2020 मध्ये आले, श्रेयांक साठवणारी पेढी 2021 मध्ये आली, आणि 2022 मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन व दूरस्थ पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचे स्पष्ट केले.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (स्थापना 1998) गरज वेगळी आहे. राज्यभर विखुरलेली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या महाविद्यालये त्याला जोडलेली असल्याने प्रश्नपत्रिका परीक्षाकेंद्रांवर आंतरजालातून पोहोचवण्याची पद्धत तिथे उपयोगी ठरली. 2019 च्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमाने महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक केली. सुई टोचणे, टाके घालणे, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन हे आधी पुतळ्यावर, मग रुग्णावर. पडद्यावर पाहून हे हातात बसत नाही, त्यामुळे या क्षेत्रात तंत्रज्ञानाची मर्यादा कुठे आहे हे लवकर कळते.

परीक्षेत यंत्रणा घाईने आणली तर काय होते, याचे उदाहरण नाशिकबाहेरचे आहे. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व शाखांना लागू केली. निकाल कित्येक महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. 2020 च्या टाळेबंदीत नाशिकच्या महाविद्यालयांतील वर्ग झूम, गूगल मीट आणि व्हॉट्‌सॲपच्या गटांवर चालले. अंतिम वर्षाच्या परीक्षा राज्यात अनेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांवर घेतल्या गेल्या. अडचणीच्या काळातली ती सोय होती. निबंध लिहिण्याची, सिद्धता मांडण्याची कुवत तिच्यात तपासली जात नाही.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न अक्षरांचा आहे. 1990 च्या आणि 2000 च्या दशकांत मराठी पुस्तकांची जुळणी बहुतांशी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांतील फाँटमध्ये झाली. या जुन्या फाँटमध्ये ‘क’ किंवा वेलांटी ही संगणकाच्या लेखी मुळात रोमन अक्षरे वा चिन्हे असतात, केवळ दिसतात देवनागरी. अशा पीडीएफमधला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक चिन्हांची रांग उमटते. त्यामुळे ‘सहकार’ हा शब्द पुस्तकात शोधावा तर सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर पान वाचू शकत नाही. तेच पान युनिकोडमध्ये असले तर शोध, श्रवण, अक्षर मोठे करणे आणि यांत्रिक भाषांतर हे सारे एकाच वेळी शक्य होते. रूपांतराची साधने आहेत. पण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, म्हणून विषय जाणणाऱ्या माणसाला प्रत्येक पान वाचून दुरुस्त करावे लागते. नव्या स्टुडिओंवर आणि ॲपवर खर्च करण्याआधी मराठी विद्यापीठांनी आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांसाठी हे काम हाती घ्यावे.