फॅन्टसी प्रीमियर लीग: बचावपटूंच्या गुणांचं गणित कसं बदललं?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर आधारलेल्या या ऑनलाइन खेळात बचावपटूची मदार मुख्यतः 'क्लीन शीट'वर असते: संघावर एकही गोल झाला नाही, तर 4 गुण. पण 89व्या मिनिटाला गोल झाला की सामनाभराची मेहनत पाण्यात!

त्यावर उपाय म्हणून 2025-26 हंगामापासून नवा नियम आला. टॅकल, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि क्लिअरन्स मिळून 10 झाले की बचावपटूला 2 गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी हा आकडा 12. त्यात चेंडू परत मिळवणंही मोजतात. मात्र आकडा 20 वर गेला तरी एका सामन्यात गुण 2च. त्यामुळे बचावपटूच्या गोलचं मोल, म्हणजे 6 गुण, वरचढच राहतं.

फायदा कोणाला? सतत दबावाखाली खेळणाऱ्या संघांतल्या सेंटर-बॅकना. संघ हरला तरी त्यांच्या खात्यात काहीतरी पडतं.