चट्टा एकाचा, डाग घराला

आमच्या वऱ्हाडात सोयरीक जुळवायची म्हणजे पोरगा-पोरगी पाहणं हा फार पुढचा भाग. आधी घराणं पाहिलं जाई. शेत किती, विहिरीला पाणी किती, गोठ्यात बैलजोड्या किती, हे सगळं उघड विचारत. पण एक प्रश्न बैठकीत कोणी काढत नसे. तो विचारला जाई वेशीजवळच्या पानठेल्यावर, न्हाव्याकडे, नाहीतर आपल्या गावातून त्या गावात दिलेल्या एखाद्या लेकीकडे. "त्याइच्या घरात काही तसलं दुखणं तर नाही ना बाप्पा?"

'तसलं' म्हणजे कोणतं, हे फोड करून सांगावं लागत नसे. रगतपिती, महारोग, ज्याला आता सरकारी कागदावर कुष्ठरोग म्हणतात, ते. शब्द तोंडातून काढला तरी आपल्याला चिकटेल अशी भीती होती. म्हणून 'तसलं', 'मोठं दुखणं', 'वाईट दुखणं' असली आडनावं त्याला पडली होती.

पाहायला आलेल्या बायाही नुसतं तोंड पाहून उठत नसत. पोरीला चालून दाखव म्हणत, पाय पाहत. नाव लिहून दाखव म्हणत. एखादी खमकी म्हातारी पोरीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बोटं सरळ करून पाही आणि वरून म्हणे, "हात मोठे कामाचे दिसतात पोरीचे." आपण ते कौतुक समजायचो. म्हातारी पाहत असायची बोटं वाकडी आहेत का, कुठं चट्टा आहे का.

अंगावर पांढरं कोड असलेल्या पोरीचं तर विचारूच नका. कोड हा कोणाचा कोणाला लागणारा रोगच नाही. त्वचेतला रंग जातो, एवढंच. पण जुन्या भाषेत त्याला 'श्वेतकुष्ठ' हे नाव पडलं होतं आणि त्या नावाच्या पायी कितीतरी पोरी बिजवराला दिल्या गेल्या, नाहीतर माहेरीच राहिल्या.

हे सगळं आमच्या गावच्या बायांनी आपल्या मनानं काढलेलं नव्हतं. त्याची मुळं लांब जातात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्न जुळवताना टाळायच्या कुळांची यादी आहे. क्षय, फेफरं, पांढरं कोड आणि कुष्ठ असलेली कुळं तिच्यात येतात. माणूस नव्हे, कूळ. आजारी आहे त्याला देऊ नका एवढंच सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथं आजारी एक आणि वर्ज्य सगळं घर. दुसरीकडे सुश्रुतानं कुष्ठ हा अंगसंगानं, एकत्र जेवण्या-निजण्यानं एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग सांगितला. म्हणजे एकीकडे रक्तातून उतरतो ही भीती आणि दुसरीकडे शिवण्यातून लागतो ही भीती. आमच्या समाजानं दोन्ही एकदमच सांभाळल्या. लागतो म्हणून रोग्याला घराबाहेर काढायचं आणि रक्तात आहे म्हणून घरात राहिलेल्यांशी सोयरीक करायची नाही.

इंग्रजांकडेही निराळं चित्र नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले मोठमोठे डॉक्टर हा रोग आनुवंशिक आहे असंच मानत. 1873 साली नॉर्वेतल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरला या रोगाचे जंतू दिसले, तेव्हा हे मत ढासळायला लागलं. पण जंतू म्हटल्यावर दुसरी भीती वाढली. 1889 साली हवाई बेटांवर रोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगानं वारले आणि इंग्लंडात मोठी खळबळ माजली. त्यातून 1890-91 मध्ये हिंदुस्थानात एक कमिशन फिरलं. त्यानं निष्कर्ष काढला की रोग आनुवंशिक नाही, संसर्गानं पसरतो पण फार थोडा. म्हणून रोग्यांना सक्तीनं वेगळं ठेवायचा किंवा त्यांच्या लग्नावर बंदी घालायचा कायदा करायची गरज नाही.

सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पण सरकारनंच ते पुरतं ऐकलं नाही. 1898 साली महारोग्यांचा कायदा आला. भीक मागत फिरणाऱ्या रोग्याला पकडून आश्रमात कोंडायची मुभा त्यानं दिली. खाण्यापिण्याच्या वस्तू विकणं, सार्वजनिक विहिरीवर अंघोळ करणं, भाड्याची गाडी हाकणं, अशा कामांना रोग्यांना बंदी करता येऊ लागली. तो कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडलं.

त्या काळच्या खानेसुमारीत रोग्यांची वेगळी मोजदाद होत असे. 1891 साली साऱ्या देशात सव्वा लाखाच्या वर रोगी मोजले गेले. त्यात बायांची संख्या पुरुषांच्या मानानं फार कमी भरली. मोजणाऱ्या साहेब लोकांनीच लिहून ठेवलं की बायांचा रोग घरचे लोक लपवतात. रोग पुरुषांत जास्त आढळतो हे खरं, पण तेवढ्यानं हिशेब पुरा होत नाही. ज्या घरात लग्नाच्या लेकी होत्या, त्या घरानं चट्टा असलेली बाई मोजणाऱ्यासमोर आणलीच नसेल, हे कळायला आम्हाला साहेबाची गरज नव्हती.

कारण लपवणं ही आमच्याकडे रीतच होती. आमच्या मोहल्ल्यात एक जण होता. वीस-बावीसचा असताना त्याच्या उजव्या दंडावर फिकट लाल चट्टा उठला. तिथं चिमटा घेतला तरी कळत नव्हतं. आईच्या ध्यानात आलं, बापाच्या ध्यानात आलं. घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या. बापानं त्याला एवढंच सांगितलं, "पोरीइचे हात पिवळे होईतोवर बाहीचा सदरा काढू नको." त्यानं काढला नाही. वैशाखाच्या उन्हात वखर हाकताना, विहिरीवर पाणी शेंदताना, पूर्ण बाहीचा सदरा. पाच वर्षांनी धाकट्या बहिणीचं साक्षगंध झालं, लग्न लागलं. तोवर त्याच्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली होती आणि तळव्याला भाजलेलं कळत नव्हतं. गोळ्या तेव्हा फुकट मिळत होत्या. सरकारी दवाखाना चार कोसांवर होता. बहिणी सुखी घरी पडल्या आणि भावाचा हात गेला.

वर लोक काय म्हणाले? "पाहा, रगतपितीनं बोटं खाल्ली." रोगानं बोटं खाल्ली नव्हती. रोग नसांना लागतो, मग त्या जागेचा बधिरपणा येतो. बधिर हाताला चटका, काटा, जखम कळत नाही, ती चिघळते, बोटं आखडत जातात. वेळेवर औषध घेतलं तर यातलं काही होत नाही. पण सोयरिकीच्या भीतीनं औषध लांबवलं, लांबवल्यानं हात वाकडा झाला आणि वाकडा हात पाहून सोयरिकीची भीती दुप्पट झाली. हे रहाटगाडगं पिढ्यान् पिढ्या फिरत राहिलं.

ज्याचं दुखणं लपवता येण्याच्या पुढं गेलं, त्याची गत वेगळी. घरात मांडव पडायच्या आठ-पंधरा दिवस आधी त्याला शेतातल्या खोपडीत नेऊन ठेवत. "पाहुणे गेले की आणू" म्हणत. पण एका लग्नामागून दुसरं येई, भावाच्या पोरांची लग्नं येत आणि खोपडीतला माणूस खोपडीतच राही. गावातल्या पंगतीत त्याचं पान मांडवाबाहेर, लांब. वाढणारा वरून टाकून जाई. पुढं कधीतरी तो माणूस कुणाला न सांगता निघून जाई, पंढरपूरच्या वाटेला, नाहीतर अमरावती-नागपूरच्या रस्त्यावर.

अशा निघून आलेल्या माणसांसाठीच आमच्या भागात एकामागून एक ठिकाणं उभी राहिली. 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी काम सुरू केलं. 1946 साली अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं. 1951 साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन सुरू झालं. तिथं माणसं शेती करू लागली, हातमाग चालवू लागली. आणि तिथं लग्नंही लागली. ज्यांना गावानं नवरा म्हणून, बायको म्हणून मोडीत काढलं होतं, ती माणसं एकमेकांची झाली. चार माणसांत हळद लागली, मंगलाष्टकं झाली, संसार थाटले गेले, निरोगी लेकरं झाली. रोग रक्तातून उतरत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणत्या पुस्तकात मिळणार होता? पण ती लेकरं लग्नाची झाली तेव्हा पत्ता विचारला जाई आणि पत्त्यावर सोयरीक अडे.

1955 साली दोन गोष्टी घडल्या. त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्याच साली सरकारनं देशभर कुष्ठरोग नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, कारण डॅप्सोन नावाची गोळी हाती आली होती आणि रोग आटोक्यात येतो हे दिसू लागलं होतं. त्याआधी कडू कवठीच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं घ्यावी लागत. आणि त्याच साली हिंदू विवाह कायदा झाला. त्यात नवऱ्याला किंवा बायकोला तीव्र आणि बरा न होणारा कुष्ठरोग असेल तर घटस्फोट मागता येईल असं लिहिलं गेलं. एका हातानं सरकार गोळी देत होतं आणि दुसऱ्या हातानं 'बरा न होणारा' असं लिहून देत होतं. आधी रोग तीन वर्षं असल्याची अट होती. 1976 साली तीही काढली. मुसलमान, ख्रिस्ती आणि नोंदणी विवाहाच्या कायद्यांतही हे कारण होतंच.

खेड्यात कोर्टात फार थोडे गेले. कोर्टाची गरजच पडत नसे. बाईला रोग निघाला की तिला माहेरी सोडून येत, पत्रिका पाहून नवी सोयरीक सुरू होई. नवऱ्याला रोग निघाला तर बाईनं त्याची जखम धुवायची, त्याचं शेतही करायचं आणि पोराबाळांची लग्नंही जमवायची. बाईनं नवऱ्याला सोडलं असं उदाहरण आमच्या पंचक्रोशीत मला आठवत नाही. सोडलेल्या बाया मात्र तिघी-चौघी चटकन आठवतात.

पुढं कुष्ठतंत्रज्ञ सायकलवर गावोगाव येऊ लागले. शाळेत पोरांचे सदरे काढून पाठ पाहत, डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकानं कुठं टेकवलं ते विचारत. बाया पाठ दाखवायला तयार नसत. ज्यांच्या घरी पोरगी लग्नाची, ती घरं कडी लावून शेतात निघून जात. तरीही ती माणसं पुन्हा पुन्हा आली. 1980 नंतर तीन औषधांचा एकत्र उपचार आला. त्याच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा वर्धा होता. आता सहा महिने, फार तर बारा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. 2005 च्या अखेरीस देशात दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले, असं सरकारनं मोजून सांगितलं. रोगी संपले असा त्याचा अर्थ नाही. आजही दर वर्षी नवे सापडतात, पोराबाळांतही सापडतात.

2019 साली संसदेनं लग्नाच्या कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण काढून टाकलं. 1891 साली कमिशन जे सांगून गेलं होतं, त्याच्या जवळपास यायला आपल्याला 128 वर्षं लागली.

कायद्याच्या कागदावरचा शब्द खोडता आला, पानठेल्यावरचा प्रश्न अजून खोडायचा आहे. तो आता मोबाईलवर विचारला जातो, एवढाच फरक. आपल्याकडे कोणी विचारलंच, तर घाबरून "नाही बा, तसलं काही नाही" म्हणण्यात कोणाचंच भलं नाही. कोणाला झालं असेल तर झालं होतं म्हणावं, अमुक साली गोळ्या घेतल्या, बरा झाला म्हणावं. आणि जिला सून करून आणायची तिचे हात पाहताना बोटं सरळ आहेत का, एवढंच पाहू नये. त्या हातावर चट्टा दिसला तर दवाखान्याची वाट दाखवावी. गोळ्या आजही फुकट आहेत. सोयरीक थांबली तर वर्षभर थांबेल, हात मात्र जन्माचा वाचेल.