जळण, करवत आणि आज्ञापत्र

जोतिबाच्या डोंगराचा पन्हाळा हा जुना शेजारी. त्याच पन्हाळ्यावर रामचंद्रपंत अमात्यांचें आयुष्य संपलें. त्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रां’त लांकूडतोडीचाही विचार आहे. आरमारास लागणारें सागवान परवानगीनें रानांतून आणावें. रयतेच्या आंब्याफणसांस मात्र हात लावूं नये. तीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयत तीं लेंकरांप्रमाणें वाढविते. एखादें जीर्ण झाड घेणेंच पडलें, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा त्यांतील आशय.

त्या काळीं झाड पाडावयास कुऱ्हाड व ओंडका कापावयास करवत. कामास वेळ लागे. त्या वेळांत विचारासही सवड मिळे. १९२६ मध्यें जर्मनींतील आंद्रेआस श्टील यांनीं विजेची सांखळी-करवत केली. ती उचलावयास दोन माणसें लागत. पुढें १९४७ च्या सुमारास अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स यांनीं लांकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून सांखळीच्या दांत्यांस नवा आकार दिला. आतां पन्नास-साठ घनसेंटिमीटर इंजिनाची मध्यम करवत एकटा माणूस पेलतो. जळणास ती पुरेशी होते. तिला फार लांब पातें जोडलें तर इंजिन दमतें. सांखळी बोथट झाली तर काप सोडून नुसती भुकटी पडते.

हत्यार निवडणें असें सोपें झालें. झाड निवडणें मात्र अवघडच राहिलें. महाराष्ट्रानें १९६४ मध्यें वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा केला, त्याच्याही मुळाशीं ‘आधीं परवानगी, मग घाव’ हाच विचार आहे. करवतीचा वेग वाढला. आंब्याच्या वाढीचा वेग अमात्यांच्या काळीं होता तेवढाच आहे.